ठरवून केलेली माया

फॉर्म अगदी साधा होता, नेहमीच्या तपासणीआधी भरून द्यायचा. नाव, जन्मतारीख, रक्तगट, चालू औषधं, कशाची ॲलर्जी आहे का, असं भराभर लिहीत मी खालच्या भागात आले. तिथं विचारलं होतं, आणीबाणीच्या वेळी कुणाला कळवायचं? आणि पुढे दोन ओळी. पहिल्या ओळीत नवऱ्याचं नाव आणि नंबर लिहून झाला. दुसऱ्या ओळीवर पेन टेकवलं आणि ते तिथंच राहिलं. नावं सुचत नव्हती असं मुळीच नाही. भाऊ आहे, नणंद आहे, मैत्रिणी आहेत. यांतलं कुणीही हातातलं काम टाकून आलं असतं. पण सगळ्यांत आधी जे नाव मनात आलं, त्या मैत्रिणीशी शेवटचं नीट बोलणं कधी झालं होतं ते मला आठवेना. वाढदिवसाचे मेसेज होते, एकमेकींच्या फोटोंवर टाकलेले बदाम होते. पण तिची आई आता कशी आहे, तिनं ती नोकरी सोडली की नाही, रात्री तिला झोप लागते का, यांतलं मला काहीच ठाऊक नव्हतं. जिच्या रात्रींबद्दल मला काही माहीत नाही, तिच्या दारात मी माझी रात्र कशी नेऊन ठेवायची? काउंटरपलीकडची मुलगी म्हणाली, "एक नाव चालेल, मॅडम." मी फॉर्म दिला. तपासणी झाली, रिपोर्टही चांगले आले. ती रिकामी ओळ मात्र मनातून जाईना.

नंतर आठवलं, की हा प्रश्न मी आधी कुठंतरी वाचला होता. १९३८ साली बोस्टनमध्ये एक अभ्यास सुरू झाला. हार्वर्डमध्ये शिकणारे २६८ तरुण आणि त्याच शहरातल्या गरीब वस्त्यांमधली ४५६ मुलं, अशा एकूण ७२४ जणांच्या आयुष्याकडे संशोधक वर्षानुवर्षं बघत राहिले. रक्त तपासलं, घरी जाऊन गप्पा मारल्या, लग्नं, नोकऱ्या, युद्ध, आजारपणं, सगळं टिपून ठेवलं. पुढे त्यांच्या बायका आणि मुलंही या अभ्यासात आली, आणि तो अजून चालू आहे. त्या लोकांना एकदा विचारलं होतं, की मध्यरात्री आजारी पडलात किंवा भीती वाटली तर कुणाला फोन कराल, त्या सगळ्यांची नावं लिहा. काहींनी बरीच नावं लिहिली. काहींना एकही लिहिता आलं नाही. सध्या या अभ्यासाची धुरा सांभाळणारे मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट वॉल्डिंगर सांगतात, की ऐंशीव्या वर्षी कोण धडधाकट असेल याचा अंदाज पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षा त्या वयात माणूस आपल्या नात्यांमध्ये किती समाधानी होता यावरून अधिक चांगला बांधता आला. हे वाचलं तेव्हा मी मान डोलावली होती आणि पान उलटलं होतं. फॉर्म भरताना तोच प्रश्न माझ्याकडे बघत होता, आणि त्याचं उत्तर देण्याजोगं आयुष्य आपण जगतोय का, हे मला तपासून बघावंसं वाटलं.

नाती महत्त्वाची असतात, हे ऐकून वाद घालणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही. लहान मुलंही निबंधात लिहितात. २०१० मध्ये १४८ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तीन लाखांहून जास्त माणसांचा. त्यात ज्यांची नाती भक्कम होती त्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त दिसली. म्हणजे पटवून देण्यासारखं काही उरलेलंच नाही. मला छळतो तो पुढचा प्रश्न. हे पटलेल्या माणसानं मंगळवारी दुपारी चार वाजता काय करायचं? कामाचा ढीग आहे, डोकं जड झालंय, फोनवर वीस सूचना लुकलुकतायत, आणि कुणाचीही कसलीही आणीबाणी नाही. ज्या दिवशी काहीही बिघडलेलं नसतं, त्या दिवशी नात्यांसाठी आपण काय करतो?

इथं मला माझी आत्या आठवते.

तिच्याकडे एक निळ्या कापडी पुठ्ठ्याची वही होती. कोपरे झिजून पांढरे पडलेले, मध्ये रबर बँड, आणि त्या रबराखाली अडकवलेली एक बोटभर पेन्सिल. दुपारची झाकपाक झाली की ठरावीक वारी ती ती वही घेऊन खिडकीपाशी बसायची. पानांना पेन्सिलीच्या शिशाचा आणि तिच्या कपाटातल्या कापराचा मिळून एक वास यायचा. प्रत्येक पानावर वर एक नाव आणि खाली बारीक अक्षरात नोंदी. "गुडघा." "धाकट्याची परीक्षा." "वडील जाऊन वर्ष होईल." "घर बदललं, नवीन शेजार आवडत नाही." मग ती एकेकाला पत्र लिहायची, पुढे घरात फोन आल्यावर फोन करायची, आणि बोलणं झालं की जुनी नोंद खोडून नवी करायची. तिच्याशी बोलणाऱ्या प्रत्येकाला वाटायचं, की हिला आपलं सगळं कसं लक्षात राहतं! मी वही बघितलेली असल्यामुळे मला रहस्य माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर ते मला थोडं खटकायचं. एकदा विचारलंच, "आत्या, तुला माणसं आवडतात ना? मग लिहून कशाला ठेवावं लागतं?" ती पेन्सिल न थांबवता म्हणाली, "आवडतात म्हणून तर लिहिते, बाळ. नाहीतर घरात कामं काय कमी आहेत?"

तेव्हा मला ते उत्तर पटलं नव्हतं, कारण माया आतून उमलायला हवी असं माझं ठाम मत होतं. वहीत बघून आलेली आठवण ही खरी आठवण नव्हे, ठरल्या वारी आलेला फोन हा खरा फोन नव्हे. अचानक कुणाची तरी आठवण व्हावी, डोळे भरून यावेत, आणि त्या भरात आपण उठून त्या माणसाकडे जावं, हे खरं प्रेम. आणि हे मत काही माझ्या एकटीचं नाही. आजूबाजूला बघितलं तर आपण सगळेच उत्स्फूर्ततेला फार वरचं आसन देतो. गाण्याचा रियाज ठरवून करणाऱ्याला आपण कौतुकानं बघतो. रोज पहाटे उठून व्यायाम करणाऱ्याच्या शिस्तीबद्दल आदरानं बोलतो. पण मित्राला दर रविवारी फोन करायचा असं कुणी कॅलेंडरवर टाकलं, की आपल्याला ते कोरडं वाटतं. जणू मनाच्या इतर सगळ्या मुलांना शिकवणी लावायची आणि मायेला तेवढं रानात सोडून द्यायचं.

आठवण तर येतच असते. दिवसातून कितीदा तरी येते. एखादी ओळ ऐकली की कुणीतरी आठवतं, रस्त्यात एखादी पाठमोरी व्यक्ती दिसली की काळजात हलतं. पण ती आठवण येते तेव्हा आपण गर्दीत उभे असतो, नाहीतर हात ओले असतात, नाहीतर कुणाशी तरी बोलत असतो. "संध्याकाळी करू फोन" असं मन म्हणतं आणि संध्याकाळ आपल्या वेगळ्याच मागण्या घेऊन येते. भावना खरी असते, तिला कृतीपर्यंत जायला वाट नसते. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञानं ही वाट कशी बांधतात याचा बराच अभ्यास केलाय. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक छोटं टिपण लिहून पाठवायचं होतं. करायची इच्छा सगळ्यांची होती. निम्म्यांना फक्त एवढंच जास्तीचं करायला सांगितलं, की ते टिपण कधी आणि कुठं बसून लिहिणार हे आधीच ठरवा. ज्यांनी वेळ-जागा ठरवली त्यांच्यातल्या दहांमागे साधारण सात जणांनी ते वेळेत लिहिलं. बाकीच्यांपैकी दहांमागे तिघांनी. आत्यानं असले प्रयोग वाचले नव्हते. तिची वेळ ठरलेली होती, खिडकी ठरलेली होती, वही ठरलेली होती.

म्हणून त्या रिकाम्या ओळीनंतर मीही वेळ ठरवली. शनिवारची सकाळ. वही नाही घेतली, फोनमध्येच नोंदी ठेवते, पण पद्धत तिचीच. पहिलं नाव अर्थातच त्या मैत्रिणीचं. फोन लावायच्या आधी पोटात गोळा आला होता. इतक्या दिवसांनी एकदम कसा केला, काही हवंय का हिला, असं तिला वाटेल का? माझ्याबद्दल तिच्या मनात अढी असेल का? पुढे कळलं, की ही धास्ती फार जणांना वाटते आणि बहुतेक वेळा ती फोल असते. २०२२ मध्ये पेगी लिऊ आणि तिच्या सहकाऱ्यांनी केलेलं काम याच गोष्टीवर आहे. आपण सहज कुणाची विचारपूस केली तर समोरच्याला किती बरं वाटेल, याचा अंदाज लोक सातत्यानं कमी धरतात. आणि ती विचारपूस जितकी अनपेक्षित, तितकी ती समोरच्याला जास्त मोलाची वाटते. मला हे सगळं तेव्हा माहीत नव्हतं. रिंग वाजत होती, आणि तिनं फोन उचलून आधी माझं नाव घेतलं, मग काही क्षण काहीच बोलली नाही, आणि मग म्हणाली, "आई गेली गं, कळलं का तुला?"

मला कळलं नव्हतं.

त्या फोनमध्ये मी फार काही बोलले नाही. ती बोलत होती. शेवटचे महिने, औषधांच्या वेळा, रात्रभर चालू असलेल्या पंख्याचा आवाज, आई गेल्यानंतरही अनेक दिवस पहाटे ठरल्या वेळी येणारी जाग. मधूनच ती थांबायची आणि ती शांतता मला भरून काढावीशी वाटायची, पण मी गप्प राहायचं ठरवलं. ऐकणं हीसुद्धा ठरवून करायची गोष्ट आहे, हे मला त्या सकाळी जाणवलं. आपलं मन एका जागी नसतंच. मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये २,२५० माणसांना दिवसातून अवेळी फोनवर गाठून विचारलं होतं, की आत्ता काय करताय, मन कुठं आहे, कसं वाटतंय. जवळजवळ निम्म्या वेळा, ४६.९ टक्के, मन हातातल्या कामावर नव्हतंच. आणि मन भटकत असताना लोक कमी आनंदी होते, काम कुठलंही असो. म्हणून आता शनिवारी बोलताना मी दुसऱ्या खोलीत जाते, भिंतीकडे तोंड करून बसते, समोर काहीही उघडं ठेवत नाही. समोरच्या माणसाला दिसत नसलं तरी आपलं लक्ष कुठं आहे ते त्याला ऐकू जातं. हुंकार पोकळ आहे की भरीव, हे कुणालाही कळतं.

या सगळ्याला "सकारात्मक दृष्टिकोन" असं नाव द्यायला मी तयार नाही. त्या शब्दांचा मला राग येतो, कारण ते माणसाला त्याच्या दुःखाबद्दलही जबाबदार धरतात. आनंद ही निवड आहे, असं सुविचारांच्या पाटीवर लिहिणाऱ्यानं कधी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलली नसावी. माझ्या आईच्या आजारपणात दिवस माझा नव्हताच. कुठल्या तासाला काय करायचं हे तिचा ताप ठरवायचा. तेव्हा कुणी मला शनिवारची सकाळ राखून ठेव असं सांगितलं असतं, तर मी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. दोन नोकऱ्या करून घर चालवणाऱ्याला, लहान मुलांना एकटीनं वाढवणारीला, खोल निराशेत बुडालेल्याला निवडींची भाषा ऐकवणं क्रूर आहे. त्यांच्यासाठी निवड करायची असते ती त्यांच्या आजूबाजूच्यांनी. आईच्या त्या दिवसांत एक शेजारीण दर दोन दिवसांनी यायची, दार ढकलायची, आईपाशी तासभर बसायची आणि मला म्हणायची, "जा, जरा बाहेर फिरून ये." विचारायची नाही, काय मदत करू, कधी येऊ. ठरल्या वेळी यायची. तिनं एकदा जरी "काही लागलं तर सांग" असं म्हटलं असतं, तरी मी "हो" म्हणून काहीही सांगितलं नसतं. मला तिला काहीच सांगावं लागलं नाही, आणि त्या तासभरात मी किती वेळा नुसती रस्त्याच्या कडेला उभी राहून मोकळा श्वास घेतला असेल.

ठरवून केल्यानं माया कोरडी पडते का? माझा अनुभव असा, की काही शनिवार नक्कीच कोरडे जातात. दोघींकडेही सांगण्यासारखं काही नसतं. हवामानावर बोलतो, एकीची पाठ दुखत असते, दुसरीच्या घरात रंगकाम चाललेलं असतं, आणि मग "चल, ठेवू" म्हणतो. सुरुवातीला अशा फोननंतर मला हिरमुसल्यासारखं व्हायचं. आता वाटतं, की हेच ते मोकळं, निर्हेतुक बोलणं, ज्यावर मोठं बोलणं उभं राहतं. जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मोजून बघितलं होतं, की ओळखीचं माणूस जवळचा मित्र व्हायला साधारण २०० तासांपेक्षा जास्त वेळ एकत्र घालवावा लागतो. दोनशे तासांत डोळे भरून यावेत असे तास कितीसे असणार? उरलेल्या तासांत माणसं पाठदुखीवरच बोलत असणार. ज्या दिवशी एखादीला खरंच रडायचं असतं, त्या दिवशी तिला आधी पाच मिनिटं ओळख काढत बसावी लागत नाही, कारण मागच्या शनिवारी पाठ दुखत होती हे दुसरीला माहीत असतं.

अधूनमधून शनिवार चुकतो. प्रवास असतो, ताप असतो, किंवा नुसताच कंटाळा असतो. सवयींबद्दलचं एक संशोधन मला यासाठी फार आवडतं. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना रोजची एक नवी सवय लावून घ्यायला सांगितली. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ दिवसांतच जमेल असं दिसलं, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. आणि मधला एखादा दिवस चुकला म्हणून फारसं काही बिघडलं नाही. मला यात मोठा दिलासा वाटतो. चुकलेल्या दिवसापेक्षा, चुकला म्हणून वाटणाऱ्या संकोचानं जास्त नाती तुटतात. एक आठवडा राहिला, दुसरा राहिला, आता कुठल्या तोंडानं फोन करायचा, असं करत करत वर्षं जातात. आता मी तिसऱ्या आठवड्यात सरळ फोन लावते आणि मधल्या दोन आठवड्यांबद्दल काहीही स्पष्टीकरण देत नाही. तीही मागत नाही.

एक नाव मात्र मी यादीतून काढलं. कुणाचं ते सांगत नाही. दर वेळी मीच फोन करायचा, दर वेळी समोरून घाई, तुटक उत्तरं, आणि फोन ठेवल्यावर मला आपण फार लहान झालोय असं वाटायचं. ते नाव खोडायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. चांगलं जगायचं म्हणजे प्रत्येक नातं जपायचं, असं लहानपणापासून मनावर बिंबलेलं असतं. पण आठवड्यात एकच शनिवार असतो आणि त्याच्या सकाळीत मोजकीच माणसं मावतात. कुणासाठी तो वेळ ठेवायचा हे मी ठरवलं नाही, तर ज्याचा आवाज मोठा आहे तो ते ठरवेल. ते नाव खोडल्याचं वाईट अजून वाटतं. कधीतरी त्या माणसाचाच फोन येईल अशी आशाही आहे, आणि आला तर मी आनंदानं उचलेन.

दुःख फक्त नकोशा गोष्टी सोडताना होत नाही, हेही यातून कळलं. खरी कसोटी चांगल्या गोष्टी नाकारण्यात आहे. वेळ खाणाऱ्या फालतू गोष्टी ओळखता येतात, त्यांना नाही म्हणताना कुणाचं मन मोडत नाही. पण मोलाची, चार लोकांच्या उपयोगाची, आपल्याला आवडणारी गोष्ट समोर येते आणि नेमकी शनिवारची सकाळ मागते, तेव्हा जीव कातरतो. गेल्या आठवड्यात असंच झालं. माझ्या ओळखीची काही मंडळी शाळा अर्धवट सुटलेल्या मुलांना शिकवतात, त्यांना मराठी आणि गणितासाठी कुणीतरी हवंय, आणि त्यांच्या वर्गाची वेळ शनिवारी सकाळची आहे. मी दोन रात्री यावर विचार केला. रविवारी दुपारी जमेल का, असं त्यांना विचारून बघितलं. मुलं तेव्हा कामावर असतात, म्हणाले. मुलांचे अभ्यासाचे कागद आठवड्यातल्या रात्री घरी तपासून देण्याचं मी कबूल केलंय. वर्गाला मात्र येता येणार नाही, असं उद्या कळवणार आहे. काम चांगलं आहे, माणसं चांगली आहेत, आणि माझी शनिवारची सकाळ आधीच दिलेली आहे.